मुलाला मदत करू नका, पथकाला करा

आपलं मूल शाळेच्या स्काउट किंवा गाइड पथकात आहे, अशा आई-बाबांसाठी लिहितेय. पोस्ट लांबली आहे, पण सवडीने वाचाच.

"आम्ही घरून काय मदत करायची?" हे पालक फार मनापासून विचारतात. आणि मग घरी जाऊन नेमकं मुलाच्या वाटचं काम स्वतः करून टाकतात. लॉगबुक बाबांच्या अक्षरात, शिबिराची बॅग आईने भरलेली. शिबिरात रात्री लाइट गेले की त्या पोराला टॉर्च कुठल्या कप्प्यात आहे तेच माहीत नसतं.

पथकाच्या 'खरी कमाई' उपक्रमाचंच बघा. मुलांनी अंगमेहनतीने चार पैसे मिळवावेत, त्यातून कष्टाची किंमत कळावी, एवढा साधा हेतू. आता बऱ्याच शाळांत त्याचा खाऊमेळावा झालाय. आया पहाटे उठून इडल्या, कटलेट करतात आणि मुलं तासभर स्टॉलमागे उभी राहतात. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या मुलीच्या संघाने, म्हणजे पथकातल्या तिच्या छोट्या गटाने, भेळ लावली तेव्हा आम्ही आयांनी ठरवून हात लावला नाही. चिंचेची चटणी पाणचट झाली. पोरींनी आपापसात खलबतं करून शेव वाढवली, चव सावरली, पण शेव दुपारीच संपली. मग एक जण वाण्याकडे पळाली आणि ती महाग शेव हिशोबात धरावी की नाही यावर संध्याकाळी आमच्या ओट्यावर नाण्यांच्या चळती लावून कडाक्याचं भांडण झालं. शेवटी धरली. नफा अगदी किरकोळ उरला, पण कुठे गेला ते त्यांना पैशापैशाने ठाऊक होतं.

मुलांनी आपलं काम आपणच निभवायचं, हा स्काउट-गाइड चळवळीचा पायाच आहे. १९०७ साली या चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं. बड्या शाळांतली आणि कामकरी घरांतली मुलं एकत्र आणली, त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघ त्यातल्याच एका मुलाच्या हाती दिला. आजही पथक असंच चालतं. संघनायक कामं वाटून देतो, बाकीचे ती पार पाडतात, चुकलं तर संघच निस्तरतो. घरून कुणी मधे पडलं की ही साखळी तुटते. "माझ्या मुलाला भांडी घासायला का लावलं?" असा फोन सरांना गेला, की दुसऱ्या दिवशी संघनायक त्या मुलाला काम सांगायलाच कचरतो आणि ते मूल संघात असून नसल्यासारखं होतं.

बिनभांड्याचा स्वयंपाक कधी जवळून पाहिलाय? कणीक पानावर मळायची, काठीला गुंडाळून निखाऱ्यावर फिरवत भाजायची. बाहेरून काळी, आतून कच्ची. तरी मुलं ती वाटून खातात आणि पुढच्या वेळी जाळ नको, निखारे हवेत हे न सांगता कळलेलं असतं. अशा वेळी गेटवर डबा घेऊन उभे राहू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

मग पालकांनी करायचं काय? भरपूर आहे! पथक चालवणारे सर किंवा बाई आपले तास, पेपर तपासणं, इतर सरकारी कामं सांभाळून सुट्टीच्या दिवशी येतात. कित्येकदा दोर, खुंट्या, रिक्षाभाडं त्यांच्याच खिशातून जातं. तिथे हात द्या. कुणी डॉक्टर, नर्स असाल तर प्रथमोपचाराचा एक तास घ्या. सुतारकाम, वायरिंग, बागकाम येत असेल तर ते शिकवा. टेम्पो असेल तर तंबू पोचवा. फक्त आपल्या मुलाचाच नाही, सगळ्या संघांचा विचार करून. ज्या घरात गणवेशाचे पैसे जड जातात, त्या घरापर्यंत लहान झालेला गणवेश गाजावाजा न करता पोचवा.

आणि आयांनो, तुमच्याशी खास बोलायचंय. मुलींच्या मुक्कामी शिबिराला बायका सोबत लागतातच. गाइड कॅप्टन, म्हणजे मुलींचं पथक चालवणारी बाई, एकटी असली, दुसरी कुणी रात्री थांबायला तयार नसली, की शिबिर रद्द होतं. मुलांचं पथक डोंगरावर तंबूत झोपतं आणि मुली शाळेच्या मैदानावर तंबू उभारून संध्याकाळी घरी परततात. हे मी पाहिलंय आणि मला त्याचा फार राग येतो. तुमची एक रात्र दिलीत तर अख्ख्या पथकाच्या मुली बाहेर पडतात. बाबांनी त्या रात्री घरचं बघावं, धाकट्याला झोपवावं. तीही पथकाला मदतच आहे.

आठवी-नववीत क्लाससाठी मुलांना पथकातून काढू नका, हेही सांगते. स्काउट-गाइडच्या राज्य पुरस्काराची तयारी त्याच वयात असते आणि धाकट्यांना गाठी शिकवणारे मोठे हात त्याच वेळी निघून जातात.

दिवाळीनंतर शिबिरांचा हंगाम सुरू होईल. या आठवड्यात आपल्या शाळेतल्या सरांना, बाईंना गाठा आणि विचारा, कुठल्या तारखेला माणूस कमी पडतंय.