पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी येऊ नका

आत्याने घरच्या ग्रुपवर पोस्ट टाकली: बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखत नाही, पाळी चालू असेपर्यंत अटॅक येत नाही, ईसीजी नॉर्मल आला की पित्त समजून घरी यावं, आणि एकटं असाल तर जोरजोरात खोकत राहावं. आत्या साठीपुढची, तिला मधुमेह आहे. तिने हे खरं मानलेलं मला परवडणारं नाही.

छातीचं आधी. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2021 मध्ये छातीत दुखण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की अटॅकमध्ये छातीत दुखणं हेच बायका आणि पुरुष दोघांचंही सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण. पोस्टमध्ये अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते: बायकांना सोबत मळमळ, धाप, जबडा किंवा पाठ दुखणं, विलक्षण थकवा असं बरंच काही जास्त वेळा होतं. पण म्हणून छातीत दुखतंय तर अटॅक नाही, हा निष्कर्ष कुठून काढला?

आता ईसीजी. या एका ओळीने जीव जाऊ शकतो. ईसीजीची पट्टी म्हणजे त्या काही सेकंदांची नोंद. रक्तवाहिनी पूर्ण बंद नसेल तर पट्टी साफ येऊ शकते. हृदयाच्या मागच्या भिंतीला मार बसला असेल तर पुढे छातीवर लावलेल्या लीड्समध्ये तो निसटू शकतो. शंका असेल तर डाव्या बाजूला पाठीवर लीड्स लावून पुन्हा काढतात. त्याच सूचनांप्रमाणे पोचल्यापासून 10 मिनिटांत पहिला ईसीजी व्हायला हवा, आणि त्यातून उलगडा झाला नाही, दुखणं चालूच राहिलं, तर परत परत काढायचा. सोबत रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन. तेही एकदाच बघून भागत नाही, कारण ते वाढायला वेळ लागतो. नव्या, जास्त संवेदनशील चाचणीत 1 ते 3 तासांनी, जुन्या चाचणीत 3 ते 6 तासांनी पुन्हा रक्त घेतात. हे होण्याआधी "पित्तच असेल" म्हणून कुणी घरी पाठवत असेल, तर सोबतच्या माणसाने तिथेच विचारावं: दुसरं ट्रोपोनिन कधी घेणार?

पाळीचं: धोका कमी असतो, शून्य नसतो. चाळिशीच्या आतल्या बायकांनाही अटॅक येतात, आणि मधुमेह असेल तर ते संरक्षण आणखी लंगडं पडतं. खोकण्याने अटॅक थांबत नाही, फक्त वेळ जातो. 108 लावा.

आणि आत्या, कॅज्युअल्टीत गेलीस तर "जरा अ‍ॅसिडिटी झालीय" असं स्वतःच सांगून टाकू नकोस. छातीत दडपण आहे, घाम फुटलाय, किती वाजता सुरू झालं आणि मधुमेह आहे, एवढं पहिल्याच वाक्यात सांग.