‘चहापाणी दिलं की कंटेनर सुटतो’ म्हणे!

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्ष ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘बंदरावर चहापाणी द्यावंच लागतं. माल लवकर निघतो, पैसे निर्यात कंपनी भरते, शेतकऱ्याचं काही जात नाही. आणि जगात सगळीकडे हेच चालतं.’ त्याखाली आपल्याच बागायतदारांचे अंगठे बघितले, म्हणून लिहितोय.

माल लवकर निघतो? उशीर मुळात केला कुणी? रीफर, म्हणजे थंड कंटेनर, प्लगला लावलेला, आत द्राक्ष, दिवसाला भाडं चढतंय. ही घाई माल अडवणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळते. कागदावरचा शिक्का पुसट आहे म्हटलं की झालं. आणि जो एकदा देतो, त्याचंच दार पुढच्या खेपेला आधी वाजतं. युरोपच्या वाटेवरच्या सुएझला खलाशी ‘मार्लबोरो कालवा’ म्हणत आले, ते उगाच नाही. तिथल्या माणसांना मार्लबोरो सिगारेटची कार्टनं देऊन देऊन मागणं काही थांबलं नव्हतं.

पैसे कंपनी भरते, हे तर सगळ्यात गोड. माझी गेल्या हंगामाची हिशोबपट्टी समोर आहे. पॅकिंग, कोल्ड स्टोरेज, गाडीभाडं, सगळ्याचा आकडा आणि तपशील. शेवटच्या ओळीत ‘इतर खर्च’, पुढे फक्त आकडा. विचारलं तर उत्तर आलं, “दादा, बंदरावरचं असतंय ते.” रॉटरडॅमचा ग्राहक दर वाढवून देत नाही, वाटेत जे गळतं ते आपल्याच किलोमागे कापलं जातं. लाचेला पावती नाही, त्यामुळं भांडायचं तरी कशावर?

सगळीकडे चालतं, हे अर्धंच खरं. अर्जेंटिनात धान्य भरण्याआधी जहाजाचे होल्ड, म्हणजे माल भरायचे कप्पे, तपासताना गंज-कचऱ्याचं निमित्त काढून पैसे मागायचे. २०११ पासून काम करणाऱ्या ‘मेरिटाइम अँटी-करप्शन नेटवर्क’ या जहाज कंपन्यांच्या लाचविरोधी गटाकडे जहाजांवरून तक्रारी जमत गेल्या, २०१७ मध्ये तपासणीचे नियमच बदलले, आणि मागण्या झपाट्यानं घटल्या. आपल्याकडे २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. बळजबरीनं द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचं. मेसेजवाल्यानं हे बरोबर गाळलं.

शेतकऱ्याचं काही जात नाही म्हणता? शेजारच्या गावातल्या एका पोराकडून जहाजावर लावतो म्हणून एजंटानं पैसे घेतले. खलाशाकडून असे पैसे घ्यायला कायद्यानं बंदी आहे. बापानं त्यासाठी अर्धा एकर गहाण टाकला. जहाज अजून मिळालेलं नाही. यंदा पोरगा आमच्याकडे विरळणीला येतोय.