एक फूट उंचीचा प्रश्न

आम्हाला छोटा कुत्रा घ्यायचाय, आणि कुठल्या जातीचा ह्यावरून आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. बायको पॉमेरेनियनची आणि मुलगी डॅशहंडची. मी मध्ये, म्हणजे खर्च करणारा. आणि आई विरोधी पक्षात, म्हणजे दोन्हीच्या विरोधात, कारण तिच्या मते कुत्रा विकत आणतात हीच मुळात पुण्याकडची फॅशन, इकडे देवगडात कुत्रा आपला आपण येतो, खळ्यात बसतो आणि मग तो आपला होतो.

मुलीने मोबाईलवर आजीला डॅशहंड दाखवला. आईने चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, मग अजून लांब धरला. "हेका पाय लावूक इसारले काय?" मग थोडा वेळ बघून, "इतको लांब कुत्रो, तेका मदी एक खांब व्हयो." बायकोने चान्स बघून लगेच पॉमेरेनियन दाखवला तर "हेचे केस कोण विंचरतलो? तुझो बापूस?" हे नातीला उद्देशून, पण बघितलं माझ्याकडे.

मग दोघींचा अभ्यास सुरू झाला आणि जेवताना एकमेकींच्या अंगावर माहिती फेकणं सुरू झालं. बायको म्हणे टायटॅनिक बुडाली 1912 साली तेव्हा तीन कुत्रे वाचले, त्यातले दोन पॉमेरेनियन होते. मुलगी म्हणे 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचा मॅस्कॉट वाल्डी डॅशहंड होता, मॅरेथॉनचा रस्तासुद्धा त्याच्या आकाराचा आखलेला. मग बायकोने राणी व्हिक्टोरिया काढली, तिने 1888 मध्ये इटलीत पॉमेरेनियन घेतला आणि तिच्यामुळे ही जात फेमस झाली म्हणे. मी म्हटलं अगो, आपल्याला टायटॅनिकने जायचं नाय, ऑलिंपिकला जायचं नाय, आपल्याला कुत्रा घेऊन एस्टीने कणकवलीला डॉक्टरकडे जायचंय त्याचं बोला. कोणी बोललं नाही.

बरं इकडे ज्याला सगळे 'पॉम' म्हणतात ना, तो बऱ्याचदा पॉमेरेनियन नसतोच, तो इंडियन स्पिट्झ असतो. खरा पॉमेरेनियन तीन-साडेतीन किलोच्या आतला, स्पिट्झ त्याहून चांगला मोठा आणि आपल्या हवेला जरा सरावलेला. हे मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग स्पिट्झ. पक्ष तोच, उमेदवार बदलला.

खरी गंमत पावसाची आहे. आमच्याकडे जूनपासून धो धो, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, जुलैत माझी बनियन चार दिवस पडवीत दोरीवर टांगून पाचव्या दिवशी चुलीवर धरावी लागते, आणि त्यात हा डबल कोटवाला कुत्रा, वर लांब केस, आत दाट लोकर, तो वाळणार कधी? बायको म्हणाली ड्रायर आणू. म्हटलं आण, पण पाऊस आला की लाईट जाते, म्हणजे कुत्रा ओला असतो तेव्हा ड्रायर बंद आणि ड्रायर चालू असतो तेव्हा कुत्रा कोरडा. बरं भादरून टाकू म्हणावं तर तेही नाही, तो कोट उन्हापासूनही वाचवतो म्हणतात आणि एकदा भादरला की पहिल्यासारखा येईलच अशी गॅरंटी नाही.

मुलगी खूश. म्हणून तिला पण ऐकवलं. डॅशहंड जर्मनीत तयार केला तो जमिनीखाली बिळात घुसून बिज्जू हुसकावायला. आपल्याकडे बिळात बिज्जू नाही बाई, घूस असते, आणि गडग्याच्या चिऱ्यांखाली फुरसं असतं, आणि ह्याचं नाक बरोब्बर फुरशाच्या हाईटला. शिवाय त्याची लांब पाठ हीच त्याची दुखरी जागा, मणक्यातली चकती सरकते, कधी मागचे पायच जातात, त्यामुळे उड्या नको, जिने नको आणि मुख्य म्हणजे वजन वाढू द्यायचं नाही. हे वजनाचं आमच्या घरात? आई दारात आलेल्या प्रत्येक जिवाला आधी खायला घालते मग चौकशी करते, आमच्या घरात आजवर बारीक राहिली ती फक्त पाल.

शेजारचे काका येऊन "डॉबरमन घ्या" सांगून चहा पिऊन गेले. त्यांना छोटा कुत्रा हा विषयच माहीत नाही.

शेवटी कणकवलीच्या डॉक्टरांना विचारलं. साधा माणूस, जास्त करून गुरं बघतो. म्हणाला, रेबीजचं इंजेक्शन दोघांनाही, तीन महिन्यांचा झाला की, पुढे दरवर्षी. रात्री दोघांनाही घरात घ्या, बिबट्या ब्रीड विचारत नाही. पायऱ्या दोघांनाही वाईट, एकाची पाठ जाते आणि त्या छोट्या पॉमच्या गुडघ्याची वाटी सरकते. (इथे फोन स्पीकरवर होता. आई आतून: "माझी वाटी कधीच सरकली, माका कोण इचारता?") आणि गोचीड, तो म्हणाला, दोघांनाही चावणार, आंब्याच्या कलमांत फिरले की चावणारच, फक्त आखूड केसांच्या डॅशहंडवर तुम्हाला तो दिसेल आणि स्पिट्झवर बोटांनी शोधत बसाल.

ह्या एका वाक्यावर निवडणूक फिरली. बायकोला गोचीड ह्या शब्दानेच अंगावर काटा येतो. ती रात्रभर काही बोलली नाही, सकाळी म्हणाली, "ठीक आहे, पण नाव मी ठेवणार."

उरल्या पायऱ्या. घराचं जोतं उंच, खळ्यातून पडवीत यायला सात पायऱ्या, चिऱ्याच्या, त्यातली एक तर अशी की पाहुणे तिथे हमखास ठेचकाळतात. एवढ्या-एवढ्या पायांचा प्राणी रोज चढणार उतरणार कसा, म्हणून सुतार बोलावला, फणसाच्या फळ्यांचा लांबलचक उतार करून घेतला, पावसात घसरू नये म्हणून वर काथ्याची पायपुसणी खिळ्यांनी ठोकली, बाजूला हात धरायला बांबू, म्हणजे बांबूचं कुत्र्याला काय काम मला कळलं नाही, पण आई सुताराच्या बाजूला उभी राहून सांगत होती आणि तो ऐकत होता.

पिल्लू महिन्याने मिळणार आहे. उतार मात्र जोरात चालू आहे. आई सकाळी परडं, दुपारी खळं, संध्याकाळी तुळस, सगळीकडे तिथूनच जाते, आणि मुलीने "आजी, तो डॉगीचा रॅम्प आहे" म्हटलं तर बांबू धरून सावकाश वर येत म्हणाली, "कुत्रो येतलो तेवा येतलो, तवसर माझी ढोपरां वाचतली. आणि तो इलो की तेका सांग, आधी मी."