प्लायवूडचा डबा आणि ग्रुपवरचं ज्ञान

आमच्या पेठेच्या ग्रुपवर चार दिवसात तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड. टीव्ही आला तेव्हा सगळे तज्ज्ञ हसले होते, १९४६ ला हॉलिवूडचा डॅरिल झॅनक म्हणाला की लोक रोज रात्री प्लायवूडच्या डब्याकडं बघून कंटाळतील, भविष्य एकालाही दिसलं नाही, म्हणून तज्ज्ञांचं ऐकू नका, मनाचं करा. खाली नुसते अंगठे आणि 'नाद खुळा'. भावांनो, जरा थांबा की.

झॅनक टीव्हीतला तज्ज्ञ कुठला लगा, तो ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा, म्हणजे सिनेमावाला. हे वाक्य तो कुठं, कुणाला बोलला ते फॉरवर्डमध्ये नाहीच, पण बोलला असं धरलं तरी मिसळवाल्याला समोरच्या वडापावच्या गाडीचं भविष्य विचारल्यासारखं झालं ते. आणि त्याच फॉक्सनं १९५३ ला सिनेमास्कोपचा रुंद पडदा आणला तो कशाला? लोक डब्यापुढनं उठंनात म्हणूनच ना.

एकालाही दिसलं नाही हे तर साफ खोटं. १९०८ ला कॅम्पबेल स्विंटन नावाच्या इंजिनियरनं 'नेचर' या विज्ञानाच्या मासिकाला पत्र लिहून सांगितलं होतं की दोन्ही टोकांना कॅथोड रे, म्हणजे इलेक्ट्रॉनचे झोत, वापरले तर लांबचं चित्र दिसू शकतं. तेव्हा आपलं कोल्हापूरचं खासबाग कुस्तीचं मैदान पण पुरं व्हायचं होतं! १९२३ ला आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या सारनॉफनं कंपनीला लिहूनच दिलं की रेडिओवर ऐकतोय तसं उद्या बघता पण येणार.

आता फॉरवर्डमधलं दुसरं वाक्य, १९३९ च्या न्यूयॉर्क टाइम्समधलं, की टीव्हीला डोळे लावून बसावं लागतं, सामान्य अमेरिकन कुटुंबाला तेवढा वेळ नाही. यावर सगळ्यात जास्त हसणारे इमोजी पडलेत, आणि मला तर हेच वाक्य सगळ्यात शहाणं वाटतं. त्या वर्षी आरसीएचा मोठा सेट ६०० डॉलरला होता, कार्यक्रम मोजकेच, आणि रेडिओ कसा, कामं करत ऐकता येतो. आमची आई आजपण टीव्हीकडं पाठ करून भाकरी थापते, मालिका सगळी ऐकते, कुणी किंचाळलं तरच मान वळवते, पिठाचा हात तसाच वर, आणि तव्यावरची करपायच्या आत परत पाठ. म्हणजे वेळ नाही हे त्या माणसाला बरोबर दिसलं होतं, फक्त बायका टीव्हीचाच रेडिओ करून टाकतील हे सुचलं नाही.

आणि हसणारे कायम चुकतात हे कुणी सांगितलं? बेअर्ड नावाच्या संशोधकानं २६ जानेवारी १९२६ ला लंडनमध्ये फिरत्या चकतीवर ३० ओळींचं चित्र दाखवलं, मोठंच काम ते, पण चकतीत दम नाही म्हणणारेच शेवटी बरोबर निघाले, बीबीसीनं १९३७ च्या फेब्रुवारीत बेअर्डची सिस्टीम सोडून मार्कोनी-ईएमआय कंपनीची, बिनचकतीची, कॅथोड रे वाली ४०५ ओळींची ठेवली, ओळी जास्त तेवढं चित्र साफ. थ्रीडी टीव्हीचे चष्मे कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडलेत ते मी सांगत नाही, आपलेच मित्र आहेत.

उलट ज्यांनी टीव्हीचं लई कौतुक केलं त्यांची वाक्यं कोण फॉरवर्ड करतंय? आपल्याकडं टीव्ही म्हणजे गावोगावची शाळा होणार असं ठरलं होतं. १९७५-७६ ला साइट प्रयोगात उपग्रहावरनं सहा राज्यांतल्या २४०० गावांना शेती, आरोग्य, शाळेचे धडे दाखवले, आणि प्रयोग म्हणून चांगलाच होता तो. पण आमच्या गल्लीत १९८७ ला रविवारी सकाळी रामायणाला शेजारच्या काकूंच्या दारात चपलांचा ढीग, गच्चीवर एकजण अँटेना फिरवत "आलं का?" ओरडतोय, खालनं सगळे "मुंग्याच हायत!". शेतीचा कार्यक्रम लागला की मात्र काकू त्या लाकडी डब्याचं शटर ओढायच्या आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायच्या.