ढग म्हणजे वाफ नव्हे

'ढग म्हणजे आकाशात साठलेली वाफ' हे तुमच्या ढगांवरच्या लेखातलं वाक्य तेवढं बदला बघा. वाफ डोळ्यांना दिसतच नाही. किटली उकळताना तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते ना, तिथं खरी वाफ. त्यापुढचं पांढरं म्हणजे पाण्याचे थेंब. ढगही तसलाच, साधारण ०.०२ मिलिमीटरच्या थेंबांचा. आमच्या बेळगावकडच्या खानापूरच्या पोरांना हे सांगायला फळा लागत नाही. जुलैत चोर्ला घाटातून गाडीवरून आलं की भुवया ओल्या. ढगातूनच आलो की ओ!

आणि धुळीचं नावच नाही लेखात? थेंब धरायला कण लागतो : धूळ, धूर, समुद्राचं मीठ. वर्गात प्लास्टिकच्या बाटलीत घोटभर कोमट पाणी घालून, बूच लावून दाबली-सोडली. फारसं काही दिसलं नाही. मग विझलेल्या काडीचा धूर आत ओढून घेतला, पुन्हा दाबून सोडली, आणि आत धुकं! सोडल्यावर हवा पसरते, थंड होते. घाट चढणाऱ्या हवेचंही तेच : ढग धरेपर्यंत किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड. मग पाऊस घाटावरच पडून जातो. म्हणून तर घाटालगतच्या जांबोटीत छत्री वाळत नाही आणि तिकडं पूर्वेला, घाटापासून लांब, अथणीवाले आभाळाकडं बघत बसतात.