आमच्या घरात 'नाटकं' हा शब्द आता बंद आहे

दादाची परवानगी घेऊन लिहितेय. टाकण्याआधी त्याने वाचलं, दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली.

माझ्या मोठ्या भावाला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जातात असा मानसिक आजार. हे नाव घरात आलं तेव्हा तो 31 वर्षांचा होता. त्याआधी 14-15 वर्षं पुण्यात धनकवडीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्याला वेगळी नावं होती. तापट. हट्टी. आजोबांवर गेलाय. आणि सगळ्यात जास्त वेळा, 'नाटकं करतो'.

एखाद्या मित्राने दुपारी फोन उचलला नाही, की संध्याकाळपर्यंत तो 'पहिल्यापासूनच मतलबी' झालेला असायचा. दुसऱ्या दिवशी तोच मित्र चहाला भेटला, की त्याच्यासारखा जीव लावणारा दुसरा कोणी नाही. मधलं काही नाहीच. आई गावाला निघाली की हमखास भांडण. एका अनंत चतुर्दशीला अलका चौकाच्या गर्दीत आमची पंधरा-वीस मिनिटं चुकामूक झाली. "तुम्ही मुद्दाम मला सोडून गेलात" म्हणत तो घरी येऊन रडत राहिला. 26 वर्षांचा होता. बाबा म्हणाले, "एवढा घोडा झालास, लाज वाटत नाही?" त्या रात्री त्याने स्वतःला इजा करून घेतली. त्याबद्दल इतकंच.

त्या वीस मिनिटांत त्याला खरोखरच टाकून दिल्यासारखं वाटलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. या आजारात भावना पटकन पेटते, जास्त पेटते आणि विझायला इतरांपेक्षा खूप वेळ घेते. आम्ही आमच्या घड्याळाने मोजायचो, 'झालं की आता, किती ताणशील?'

निदान व्हायला एवढा वेळ का लागला? आधी नैराश्य म्हणाले, मग बायपोलर. बायपोलरमध्ये मनाची एक अवस्था, टोकाचा उत्साह किंवा टोकाची उदासी, कित्येक दिवस, आठवडे टिकते. दादाचं आभाळ एका दुपारीत तीनदा फिरायचं, आणि बहुतेक वेळा कोणाच्या तरी वागण्यावरून. नऊ लक्षणांपैकी किमान पाच असली की बॉर्डरलाइनचं निदान होतं, म्हणजे दोन रुग्ण एकमेकांसारखे दिसतीलच असं नाही. त्यातून तो पुरुष. दवाखान्यात हे निदान बायकांचं जास्त होतं, पण समाजात पाहणी केली की स्त्री-पुरुषांतला फरक बराच कमी निघतो. आपल्याकडे मुलगी असली तर नाटकी, मुलगा असला तर तापट. डॉक्टरकडे कोणालाच नेत नाहीत.

कारणांबद्दल वाचलं तेव्हा बाबा दोन दिवस बोलले नाहीत. काही वाटा आनुवंशिकतेचा, काही लहानपणीच्या आघातांचा, आणि काही वेळा अशा घराचा, जिथे मुलाला सतत 'त्यात काय एवढं' ऐकवलं जातं. इथेच लोक आईबापांवर खापर फोडून मोकळे होतात. मला ते अन्यायाचं वाटतं. मीही त्याच घरात वाढले. बाबांना जे माहीत होतं, तेवढंच ते करत होते.

या आजारासाठी म्हणून खास मान्यता मिळालेलं औषध नाही. सोबतच्या नैराश्याला, झोपेला गोळ्या देतात. मुख्य उपचार बोलण्याचा, शिकण्याचा. त्यातली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही भावना सांभाळायला शिकवणारी पद्धत मार्शा लिनहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी उभी केली. 2011 मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतःच या यातनांतून गेल्या होत्या. पहिल्या भेटीनंतर दादा 'परत जाणार नाही' म्हणून बसला होता. मी त्याला हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पुढची वेळ कधीची दिलीय?"

आता आमच्याबद्दल. मी 'शहाणी मुलगी' झाले, कारण घरात दुसऱ्या वादळाला जागाच नव्हती. जिन्यावर चपला कशा वाजतात यावरून त्याचा मूड ओळखायचे. मैत्रिणींना कधी घरी आणलं नाही. आईला बीपी सुरू झालं. नातेवाईक म्हणायचे, "लग्न लावून द्या, सुधारेल." कळकळीने सांगते, असं करू नका. परक्या घरची मुलगी म्हणजे औषध नव्हे.

समुपदेशकांनी आम्हा तिघांनाही बसवलं आणि एक गोष्ट महिनोनमहिने घोटून घेतली: भावना समजून घेणं वेगळं, वागणं चालवून घेणं वेगळं. "तुला भीती वाटली, कळतंय मला. पण ताट फेकलंस तर मी खोलीबाहेर जाईन. अर्ध्या तासाने परत येईन." आणि अर्ध्या तासाने खरंच परत यायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर 'घाबरवतोय' म्हणून सोडून देऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, मोफत आहे. मराठीत बोलता येतं.

बरीच वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत बहुतेकांची लक्षणं कमी झालेली दिसतात. नोकरी, नाती सावरायला मात्र आणखी वेळ लागतो. दादा दीड वर्ष एकाच नोकरीत टिकलाय.

पूर्वी आई 'आलेच हं' म्हणून गुपचूप सटकायची. आता फ्रिजवर वेळ लिहून जाते. परवा 'मंडई, सात वाजता येते' लिहून गेली आणि स्वारगेटला बस मिळेना. सात वीसला दादाचा फोन आला. पूर्वी असे तीस-चाळीस यायचे, परवा दोन आले. आई पावणेआठला पोचली तेव्हा त्याने कुकर लावला होता. चेहरा रडून सुजलेला होता. "भीती वाटली," एवढंच म्हणाला. आई म्हणाली, "वाटणारच रे," आणि पिशवीतली मेथी निवडायला त्याच्याशेजारी बसली.