क्लाउडवर शेजारचा तुमचे हिशोब वाचतो म्हणे!

जळगावच्या व्यापारी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "क्लाउडवर तुमची टॅली आणि अनोळखी माणसाचा प्रोग्राम एकाच मशीनवर चालतो, तो कधीही तुमचे हिशोब वाचू शकतो, 2018 ला हे सिद्ध झालंय, म्हणून सर्व्हर ऑफिसातच ठेवा." दाणा बाजारातल्या काही जणांनी यावरून चालू सेटअप बंद करायचं ठरवलंय, म्हणून लिहितोय.

एकाच मशीनवर चालतो हे खरंय भाऊ. पण तुम्हाला मिळते ती व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेला वेगळा कॉम्प्युटर, तिचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वेगळा, आणि कोणाला रॅमचा कोणता भाग दिसणार ते हायपरवायझर, म्हणजे या मशीन चालवणारा प्रोग्राम, प्रोसेसरच्या पेज टेबलमधून (रॅमच्या पत्त्यांच्या यादीतून) ठरवतो. शेजारच्याच्या यादीत तुमच्या रॅमचा पत्ताच नसतो, मग तो वाचणार कुठून?

आता 2018. जानेवारीत मेल्टडाऊन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले, ऑगस्टमधे एल-वन-टी-एफ नावाचा आणखी एक, आणि हे खरंच गंभीर होतं. एल-वन-टी-एफचं सांगतो: हायपरथ्रेडिंगमधे प्रोसेसरच्या एका कोअरवर दोन थ्रेड, म्हणजे दोन कामं, एकाच वेळी चालतात, दोघांची एल-वन कॅश (कोअरमधली छोटी, वेगवान मेमरी) एकच, त्यामुळे एका थ्रेडवरची व्हर्च्युअल मशीन दुसरीचा कॅशमधला डेटा वाचू शकत होती. उपाय काय, तर व्हर्च्युअल मशीन बदलताना कॅश साफ करायची आणि एका कोअरवर एकाच वेळी दोन वेगळे ग्राहक बसवायचे नाहीत, आणि मोठ्या क्लाउड कंपन्यांनी लगेच बंदोबस्त केला. मेल्टडाऊन-स्पेक्टर तर तुमच्या ऑफिसातल्या पीसीलाही लागू होते, तिथं बायोस अपडेट कोणी टाकला?

खरी गोची वरच्या थरात, म्हणजे सॉफ्टवेअरमधे असते आणि ते मेसेजमधे कुठंच नाही. कंटेनर घ्या, म्हणजे प्रोग्राम वेगळे ठेवणारे हलके कप्पे, पण सगळ्यांचा कर्नल एकच. 2019 ला रन-सी या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्राममधे असा दोष सापडला की कंटेनरमधला प्रोग्राम थेट होस्टचा, म्हणजे खालच्या मूळ मशीनचा, रूट (सर्वाधिकारी) होऊ शकत होता. कर्नल एकच असण्याच्या अशा धोक्यामुळेच अमेझॉन लॅम्ब्डा या ग्राहकांचा कोड चालवणाऱ्या सेवेसाठी फायरक्रॅकर वापरतं, त्यात ग्राहकाचा कोड छोट्या व्हर्च्युअल मशीनमधे चालतो. 2021 ला मायक्रोसॉफ्टच्या कॉसमॉस डीबी या क्लाउड डेटाबेसमधे ज्युपिटर नोटबुकच्या (ब्राउझरमधेच कोड चालवायच्या) सोयीतून दुसऱ्या ग्राहकांच्या कीज, म्हणजे डेटा उघडायच्या किल्ल्या, मिळत होत्या, तिथंही प्रोसेसरचा काही संबंध नव्हता.

आणि आपल्याकडचं सांगू का, एका बिलिंग ॲपमधे सगळ्या दुकानांचे हिशोब एकाच डेटाबेसमधे, लिंकमधला शेवटचा बिल नंबर एकनं वाढवला की दुसऱ्या दुकानाचं बिल उघडायचं, गिऱ्हाईकाच्या मोबाइल नंबरसकट. हे ॲप उद्या ऑफिसातल्या सर्व्हरवरून सगळ्या दुकानांना दिलं तरी तसंच उघडणार.

"ऑफिसात ठेवा" याबद्दल एवढंच, की टेबलाखालचा सर्व्हर, मॉनिटरला चिकटवलेला पासवर्ड आणि सगळ्यांचं एकच ॲडमिन लॉगिन, हे मी चाळीसगावपासून भुसावळपर्यंत बघतोय आणि त्याला सुरक्षित म्हणायची माझी तयारी नाही.

सेटअप बदलायच्या आधी व्हेंडरला समोर बसवा, माझा डेटा वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर आहे की कंटेनरमधे की सगळ्यांच्या एकाच डेटाबेसमधे, ते विचारा. मग दोन डेमो अकाउंट मागा, एकात लॉगिन करून दुसऱ्याचा बिल नंबर त्याच्यासमोरच टाकून बघा.